गावाचा कायदा मुंबईत, आणि गाव कारखान्यावर

बीड जिल्ह्यातल्या श्रोत्यांकडून एक प्रश्न सारखा येतो: आमच्या ग्रामपंचायतीचा कारभार कसा चालावा, हे आम्हाला ठरवता येतं का? नियम आवडला नाही तर गावाला तो बदलता येतो का? आजचा भाग त्यावरच होता. हा त्याचा लिखित मजकूर, बोलण्यातलं 'बघा' आणि 'म्हणजे' जरा कमी करून.

सरळ उत्तर द्यायचं तर, नियम बदलता येत नाही. आपल्या ग्रामपंचायतीला स्वतःची अशी सनद नाही. पंचायतीच्या भिंतीवर 'नागरिकांची सनद' म्हणून फलक असतो, पण त्यावर कोणता दाखला किती दिवसांत मिळणार एवढंच असतं. कारभाराची खरी सनद म्हणजे १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम. तो विधिमंडळात होतो आणि तिथंच बदलतो.

सरपंचाचंच उदाहरण घ्या. २०१७ साली ठरलं की सरपंच थेट जनतेतून निवडायचा. २०२० मध्ये ठरलं, नको, सदस्यांनीच आपल्यातून निवडावा. २०२२ मध्ये पुन्हा थेट जनतेतून. पाच वर्षांत तीनदा फिरवाफिरव झाली, दर वेळी मुंबईत सरकार बदलल्यावर. यात थेट निवड चांगली की वाईट, यावर वाद होऊ शकतो. पण ज्या गावाचा सरपंच, त्या गावाला तिन्ही वेळा कुणी मत विचारलं नाही, हे तर खरं.

असं सगळीकडे नसतं. अमेरिकेत ओरेगन राज्यात पोर्टलंड नावाचं शहर आहे. तिथं दर दहा वर्षांत निदान एकदा वीस नागरिकांचा आयोग नेमून शहराची सनद तपासावीच लागते. वीसपैकी पंधरा जणांनी मान्य केलेली दुरुस्ती थेट मतदारांपुढे जाते, नगरसेवकांना ती मध्ये अडवता येत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात तिथल्या लोकांनी असंच मतदान करून कौन्सिलच बदलून टाकलं: चार मोठे प्रभाग, प्रत्येकी तीन, असे बारा सदस्य.

मग आपल्या हातात काय उरतं? ग्रामसभा. आणि ती कमी नाही. गावाचा वर्षाचा विकास आराखडा तिच्या मंजुरीशिवाय पुढं जात नाही. लाभार्थ्यांची निवड तिथं होते. वर्षात निदान चार सभा घ्याव्याच लागतात, त्या बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ठेवतात.

आता या तारखा बीडच्या वर्षावर ठेवून बघा. दसरा-दिवाळी झाली की कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळं बाईमाणूसही गावात राहत नाही. ट्रॅक्टर, ट्रक भरून माणसं कोल्हापूर-सांगलीकडं, काही कर्नाटकात जातात. परत येतात ती मार्च-एप्रिलच्या सुमारास. म्हणजे आराखड्याची खरी धामधूम ज्या महिन्यांत असते, तेव्हा धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागातल्या कितीतरी गावांत म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं राहिलेली असतात. २६ जानेवारीच्या सभेला कोण बसणार? सभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, तीही ओसच.

कोरम भरायला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी नसली की सभा तहकूब. आणि तहकूब झालेल्या सभेला कोरमची अटच नाही! वीस जण बसले तरी ठराव पास. सगळं कायदेशीर असतं, कुणी चोरी केलेली नसते. फक्त ज्यांच्या वस्तीला पाणी नाही, ते त्या वेळी उसाच्या फडात असतात.

म्हणून बीडपुरता माझा सल्ला वेगळा आहे. जानेवारीच्या भरवशावर राहू नका. आपल्या मागण्या १५ ऑगस्टला आणि २ ऑक्टोबरला, कोयता निघण्याआधी, मांडा. तोंडी नको. अर्ज लिहून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं द्या, पोच घ्या, आणि ठरावात आपला विषय आला का ते तिथंच विचारा. परत आल्यावर १ मेची सभा चुकवू नका. पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं. गावात त्याला प्रोसिडिंग म्हणतात आणि 'वाचलं असं समजा' म्हणून पुढं जातात. समजू नका. वाचायला लावा. आपण नसताना काय ठरलं, ते कळण्याची जागा तीच आहे. आराखड्यातलं काम बदलायचं असेल तरी मंजुरी ग्रामसभेचीच, त्यामुळं तो विषय तिथंच काढा.

आणखी एक दार आहे, ते थोडाच वेळ उघडतं. निवडणुकीआधी प्रारूप प्रभाग रचना लागते. आपली वस्ती कुठल्या प्रभागात तोडून टाकली ते बघायचं आणि मुदतीत तहसीलमध्ये लेखी हरकत द्यायची. ग्रामपंचायतीची नगरपंचायत होते तेव्हाही असंच. केज, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी इथं ती झाली. आधी मसुदा निघतो, हरकती मागवतात, मग अंतिम अधिसूचना. त्या कागदावर रस्ते, निधी, कर यांची चर्चा फार होते. ग्रामसभा मात्र त्याच दिवशी संपते, कारण नगरपंचायतीत सतरा नगरसेवक बसतात, गाव बसत नाही. तुमच्या गावाबद्दल असा मसुदा निघाला तर हरकतीच्या अर्जात तेवढं एक वाक्य नक्की लिहा.