गावचा माळ पडीक नव्हे

जमिनीचे प्रकार सांगताना आपण काळी, मुरमाड, बागाईत, जिराईत अशी नावे घेतो. आणि यांपैकी कशातच न बसणारी जी जमीन उरते, तिला 'पड' म्हणून मोकळे होतो. गावाच्या उशाशी असलेला माळ या पडीतच जमा असतो. महसूल खात्यात कारकुनी करून आम्ही निवृत्त झालो. सबंध नोकरी उतारे लिहिण्यात व गावोगावची दप्तरे तपासण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगावेसे वाटते की, दप्तरातील या एका शब्दाने माळांचे फार नुकसान केले आहे. जे पडीक ते निरुपयोगी, आणि जे निरुपयोगी ते कशासाठीही द्यावे, अशी समजूत रूढ झाली. ती चुकीची कशी आहे व तीत शेतकऱ्याचा तोटा कसा आहे, हे दाखवावे एवढाच या लेखाचा हेतू.

भीमा, नीरा व सीना या नद्यांच्या खोऱ्यांतील उंचवट्यांवर हे माळ पसरलेले आहेत. इंदापूर, बारामती, दौंड, कर्जत, करमाळा या तालुक्यांत ज्यांची शेते आहेत, त्यांस माळ म्हणजे काय हे सांगावयास नको. सह्याद्रीने पाऊस अडविल्यावर इकडे उरतो तो साधारण वीस ते पंचवीस इंच. खाली काळा कातळ, त्यावर मुरूम, आणि मुरमावर जेमतेम वीतभर माती. गोल्डस्मिड व विंगेट या साहेबांनी १८३६ च्या सुमारास नव्या पद्धतीची जमाबंदी सुरू केली, ती प्रथम इंदापूर तालुक्यातच. मातीची खोली व रंग पाहून जमिनीस प्रत लावावयाची ही रीत सारा आकारण्यास सोयीची होती. परंतु जेथे नांगर चालत नाही त्या जमिनीचे मोल करण्याचे माप तिच्यात नव्हते. ती उणीव पुढेही कोणी भरून काढली नाही.

पुष्कळांस असे वाटते की, येथे पूर्वी दाट अरण्य होते व ते तोडल्यामुळे माळ उघडा पडला. हे खरे नव्हे. एवढ्या पावसात व इतक्या उथळ मातीत गवत हेच स्वाभाविक पीक होय. मधून मधून हिवर, बोर, खैर, बाभूळ, तरवड एवढीच झाडेझुडपे असावयाची. हे गवताळ प्रदेश फार प्राचीन आहेत, असे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी ही त्यांची मुख्य गवते. कुसळीची योजना तर पाहण्यासारखी आहे. तिच्या बियेस लांब शेपटी असते. ती वाळली की पिळते व ओल लागली की तिचा पीळ सुटतो, आणि त्यामुळे बी आपोआप जमिनीत रुतते. मेंढराच्या लोकरीत शिरून त्यास त्रास देणारे कुसळ ते हेच. या गवतांच्या मुळ्यांची जाळी माती धरून ठेविते, पावसाचा मारा सोसते व पाणी हळूहळू मुरू देते. माळाच्या पायथ्याशी ज्यांच्या विहिरी आहेत, त्यांनी याचा अवश्य विचार करावा.

आता माळावरील जीवांकडे वळू. मृगाच्या आगेमागे जो सरडा दगडावर चढून गळ्याखालचा निळा पंखा उघडतो, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. पठारावरील अशा काही सरड्यांच्या गटास शास्त्रज्ञांनी २०१६ साली आपला 'सरडा' हाच मराठी शब्द शास्त्रीय नाव म्हणून दिला. चंडोल, लावा, टिटवी, धाविक हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. त्यांस झाड नको, आडोशापुरते गवत हवे. पखुर्डीचा नर तर पाणवठ्यावर पोटाची पिसे भिजवून तेवढे पाणी पिलांस नेऊन पाजतो. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात व रात्री उंच गवतात जमिनीवरच मुक्काम करितात. दिवसभर ते नाकतोडे व उंदीर टिपीत शेतांवरून फिरत असतात. खोकड उंदीर व किडे खाते, पिकली बोरेही खाते. काळवीट, चिंकारा व ससा यांच्या मागावर लांडगा असतो. आपल्या देशात लांडगे आता दोन-तीन हजारांच्या आसपासच उरले असावेत, असा जाणत्यांचा अंदाज आहे; म्हणजे त्याची अवस्था वाघाहून बरी नाही.

यावर शेतकरी विचारील की, काळवीट आमचे पीक खाते, लांडगा धनगराचे मेंढरू नेतो, त्याचे काय? हा प्रश्न रास्त आहे. पिकाच्या नुकसानीबद्दल व मारलेल्या मेंढराबद्दल वनखात्याकडून भरपाई मिळण्याची तरतूद आहे. मात्र घटना घडताच वर्दी देऊन पंचनामा करवून घ्यावा लागतो. परंतु मूळ कारण निराळे आहे. माळ नांगरला गेला की, काळविटास शेतावाचून जागा उरत नाही आणि लांडग्यास मेंढरावाचून भक्ष्य उरत नाही.

माळढोकाचे उदाहरण याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मीटरभर उंचीचा हा डौलदार पक्षी. मादी बहुधा एका विणीस एकच अंडे घालते. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर व अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) या जिल्ह्यांत सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात खासगी शेतेच नव्हे, तर भरवस्तीची गावेही आली. जमिनीच्या व्यवहारांस अडथळे आले आणि माळढोकाचे नाव काढताच शेतकऱ्याच्या कपाळास आठ्या पडू लागल्या. पुढे २०१२ च्या सुमारास हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणिले गेले. तोवर उजनीच्या पाण्याने ऊस आला, विजेच्या तारा आल्या, माळांचे तुकडे पडले. नान्नजच्या माळावर पूर्वी सहज दिसणारा हा पक्षी आता जवळजवळ नाहीसा झाला आहे. कागदावर क्षेत्र अफाट असून उपयोग झाला नाही. प्रत्यक्ष गवत राखले जाणे हेच महत्त्वाचे होते. उलट, कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे अभयारण्य अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे. पण तेथे १९८० पासून गवत व काळवीट दोन्ही टिकून आहेत.

माळाचा घात नेहमी वाईट हेतूनेच होतो असे नाही. 'उघडा माळ हिरवा करावा' या सद्भावनेने खड्डे व चर खणून ग्लिरिसिडिया, निलगिरी, विलायती बाभूळ लावण्याचे कार्यक्रम होतात. चर खणताना गवताचे थळ उखडते. पुढे झाडे जगली तर सावलीने गवत मरते, आणि झाडे मेली तर दोन्ही जाते. वेडी बाभूळ एकदा पसरली की, तिच्याखाली ना गवत ना वाट. झाडे लावण्यास आमचा विरोध नाही; ती बांधावर, ओढ्याकाठी, गावठाणात अवश्य लावावीत. माळावर मात्र गवतच असू द्यावे.

मग गावाने करावे काय? पहिली गोष्ट, आपल्या गायरानाचा उतारा काढून पाहावा व हद्दींची मोजणी करवून घ्यावी. गायरानाची मालकी सरकारची, पण त्यावर गुरे चारण्याचा हक्क गावाचा. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याबद्दल सर्व राज्यांस बजाविले आहे. आणि जमीन महसूल संहितेत २०१७ साली घातलेल्या कलमान्वये दुसरी योग्य जमीन उपलब्ध नसताना सार्वजनिक प्रकल्पासाठी लागल्यावाचून गायरान अन्य कामास देता येत नाही. हे आधार ग्रामसभेत सांगता आले पाहिजेत. दुसरी गोष्ट, माळाचे तीन भाग करून आळीपाळीने एक भाग पहिल्या पावसापासून बी झडेपर्यंत चराईस बंद ठेवावा. पक्ष्यांची वीण याच काळात होते, म्हणून त्यांसही अभय मिळते. हिवरे बाजार गावाने १९८९ नंतर चराईबंदी पाळून गवत कापून नेण्याची रीत घातली, आणि पुढे त्या गावास चाऱ्याची ददात राहिली नाही. तिसरी गोष्ट, उन्हाळ्यात माळास वणवा लावू नये आणि मुरमासाठी तो उकरू देऊ नये. चौथी, धनगरांच्या कळपांस मज्जाव न करता त्यांच्या मुक्कामाचे दिवस व जागा ठरवून द्याव्यात. कारण शेतात मेंढरे बसविल्याने मिळणारे खत माळाच्या गवतातूनच येते.

दुष्काळाच्या साली कडब्याचे भाव भडकले की, जनावर विकावे की राखावे असा प्रश्न प्रत्येकापुढे उभा राहतो. ज्या गावाने आपला माळ राखला आहे, त्या गावाच्या हाती निदान वाळल्या गवताचा आधार तरी असतो. गायरान कोणास द्यावयाचा ठराव पुढील ग्रामसभेत आला, तर सही करण्यापूर्वी शेतकरी बंधूंनी एकदा माळावर जाऊन यावे, अशी आमची विनंती आहे.