राक्षसाला रूपे किती?

सुट्टीच्या दिवशी आपल्या वस्तीतली पोरे मोबाईलला चिकटून बसतात आणि घरातून ओरड होते, "काय दिवसभर ते राक्षस मारत बसलाय!" ओरडायला आमची हरकत नाही. पण त्याआधी पोरगा नेमका कोणता राक्षस मारतो आहे, एवढे तरी विचारावे, असे आम्ही आपल्या माता-पित्यांना सुचवतो.

'मॉन्स्टर हंटर' ही जपानच्या कॅपकॉम कंपनीची खेळमालिका. पहिला खेळ २००४ साली निघाला. फोनवर खेळायचा 'मॉन्स्टर हंटर नाऊ' २०२३ साली आला. खेळणारा शिकारी होतो, रानावनात अजस्र प्राण्यांशी झुंजतो, त्यांच्या हाडांची-खवल्यांची हत्यारे आणि चिलखत करतो आणि मग आणखी मोठ्या प्राण्यावर चालून जातो. त्यातला प्रसिद्ध प्राणी रॅथलॉस. हा पंखवाला, आग ओकणारा लाल नर; त्याची मादी रॅथियन हिरवी. पुढे खेळात निळा रॅथलॉस आणि गुलाबी रॅथियन भेटते, आणि त्याहून दुर्मिळ असे चंदेरी आणि सोनेरी. नवख्याला वाटते, नुसता रंग बदलला. तसे नसते. पाओलुमू नावाचा केसाळ प्राणी गळ्यात हवा भरून फुग्यासारखा तरंगतो. त्याचाच काळसर भाऊबंद झोप आणणारा वायू सोडतो. टोबी-कडाची अंगात वीज साठवतो, तर त्याचा दुसरा प्रकार विषारी. पहिल्यावर शिकलेली युक्ती दुसऱ्यावर चालवायला जावे, तर शिकारीच आडवा होतो.

या भेदाला खेळात जो इंग्रजी शब्द आहे, त्याचे सरळ मराठी 'पोटजात' असे होईल. हा शब्द आपल्या कानाला बोचतो, म्हणून आम्ही 'उपप्रकार' म्हणतो. निळा रॅथलॉस लाल रॅथलॉसच्या हातचे पाणी पीत नाही, असे काही तिथे नाही. राहण्याची जागा बदलली, तसे रूप बदलले, एवढाच हिशेब.

आम्हाला अधिक विचार करायला लावतो तो तिसरा प्रकार. २०१९ च्या 'आईसबोर्न'मध्ये यिआन गरुगा नावाच्या पक्ष्यासारख्या प्राण्याचे एक रूप आहे. अंगावर जुन्या झुंजींचे व्रण, आणि मूळ प्राण्यापेक्षा कितीतरी जास्त आक्रमक. खेळ व्रण दाखवतो आणि पुढे जातो. पण पोराला विचारावे, "बाळा, हे वार त्याच्यावर कोणी केले असतील?" आमच्या मते या एका प्रश्नापुरता तरी तो खेळ कामाचा आहे.

कारण आपल्याला सांगितलेल्या गोष्टींत हा प्रश्न कधी विचारला गेलाच नाही. पंचवटीत शूर्पणखेचे नाक कापले म्हणून गावाचे नाव नाशिक पडले, अशी कथा इथे सर्रास सांगतात. नाक कापणारा वीर आणि कापली गेली ती राक्षसीण! महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहून या कथा उलट्या बाजूने वाचायला शिकवले: ज्यांना दैत्य-राक्षस म्हटले, ते या भूमीचे मूळ रहिवासी होते. त्याच पंचवटीत २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते. पाच वर्षे माणसे दारात उभी राहिली, दार उघडले नाही. पुराणातल्या राक्षसाला एकच रूप असते, मारण्याजोगे. ते कोणी रंगवले, हे दाराबाहेर उभे राहिलेल्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

बौद्ध कथेत मात्र राक्षसाचे रूप बदलते. हारिती यक्षिणीचीच गोष्ट घ्या. राजगृहात ती लोकांची मुले पळवून खाई. तिला स्वतःची पाचशे मुले. तथागतांनी तिचे सर्वांत धाकटे मूल आपल्या भिक्षापात्राखाली लपवले. ती रडत-ओरडत शोधत आली, तेव्हा त्यांनी विचारले की पाचशेतले एक गेले तर तुझी ही अवस्था, मग ज्यांची एक-दोनच होती त्यांचे काय? तिने ते काम सोडले आणि ती मुलांची रक्षणकर्ती झाली. आपण भुताखेतांना मानणारे नव्हे. कथा कथा म्हणूनच घ्यावी. पण अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ती पांचिकाशेजारी आई म्हणून बसलेली आहे, पायथ्याशी मुले आहेत. तीच पुढे जपानात किशिमोजिन झाली. तिथे तिच्या काही मूर्ती उग्र राक्षसिणीच्या, तर काही मूल कडेवर घेतलेल्या सौम्य आईच्या आहेत. एकाच यक्षिणीचे दोन उपप्रकार म्हणा ना! ज्या देशात ही दोन्ही रूपे शतकानुशतके पूजली गेली, त्याच देशातून हा खेळ आला. याच मालिकेत २०१६ सालापासून 'मॉन्स्टर हंटर स्टोरीज' हे खेळही आहेत. त्यांत अंडे उबवून, प्राणी वाढवून, त्याच्या पाठीवर बसून हिंडायचे असते. पोराला तोही दाखवावा.

फोनवरच्या खेळात पैसे भरून वस्तू घेण्याची सोय असते. मजुरीच्या पैशाला अशी वाट फुटू नये म्हणून फोनवरच्या पैशांचा गुप्त क्रमांक मुलांना सांगू नये, आणि खेळायची वेळ ठरवून द्यावी.

एखाद्या रविवारी त्यांना त्रिरश्मी लेण्यांवर न्यावे. लोक 'पांडवलेणी' म्हणतात, पण पांडवांचा तिथे काही संबंध नाही. शिलालेखात डोंगराचे नाव त्रिरश्मी आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने भिक्खुसंघाला दान दिलेल्या तिसऱ्या लेण्याच्या दर्शनी भागात पायाशी बघावे. जमिनीतून अर्धे वर आलेले सहा धिप्पाड यक्ष विहाराच्या ओसरीचा भार खांद्यावर तोलून उभे आहेत. पोरांना ते मोजायला लावावे आणि प्रत्येकाचा चेहरा नीट बघू द्यावा. सकाळी लवकर निघावे, दुपारी दगड फार तापतो.