आर७ की आर८? जुन्नर-आंबेगावच्या उजेडात

बैलगाडा सुटला की बारा-तेरा सेकंदांत बारी, म्हणजे त्याची एक धाव, आटोपते. पुढे बैलांची जुकाटाची जोडी, मागे धुरेची, त्यांच्याही पुढे घोडी, वर भंडाऱ्याचा पिवळा लोट आणि कडेला खेटून उभी गर्दी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बैलगाडा शर्यतींना वाट मोकळी करून दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदाही वैध ठरवला. तेव्हापासून जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या यात्रांमध्ये शर्यतींचे घाट पुन्हा गजबजले आहेत आणि मोबाइलांच्या गर्दीत लांब लेन्सही दिसू लागल्या आहेत. लग्नाची कामं घेणारे स्टुडिओवाले, शेती सांभाळून फोटोग्राफी करणारी पोरं, सुट्टीत भीमाशंकरला पाखरांमागे जाणारे शिक्षक, सगळ्यांचा दिवाळीच्या तोंडावर एकच प्रश्न असतो: एवढ्या पैशांत कुठला कॅमेरा घ्यावा?

त्यासाठी एकच जोडी घेऊन नीट बघू. कॅननचा ईओएस आर७ मे २०२२ मध्ये जाहीर झाला, ईओएस आर८ फेब्रुवारी २०२३ मध्ये. अमेरिकेत दोन्हींच्या नुसत्या बॉडीची जाहीर झालेली किंमत सारखीच होती, १,४९९ डॉलर. दोन्हींना आरएफ माउंटच्या लेन्स बसतात आणि दोन्हींची फोकसची यंत्रणा एकाच घराण्यातली आहे. कंपनी आणि किंमत दोन्ही बाजूला पडल्यावर खरा फरक कुठे आहे, ते या जोडीत स्वच्छ दिसतं.

पहिला फरक सेन्सरचा. आर७ चा सेन्सर सुमारे २२ बाय १५ मिलिमीटर, त्यावर ३२.५ मेगापिक्सेल. आर८ चा सुमारे ३६ बाय २४, म्हणजे फुलफ्रेम, त्यावर २४.२ मेगापिक्सेल. क्षेत्रफळात आर८ अडीचपटीहून मोठा. ‘अंधारात फुलफ्रेमला तोड नाही’ असं दुकानदार सांगतो ते यामुळेच, आणि ते खरंही आहे. पण एक अट तो सांगत नाही: हा फायदा अख्खी चौकट भरली तरच मिळतो.

बारीचंच उदाहरण घ्या. घाटाच्या कडेला उभं राहून १००-४०० ची लेन्स लावली आहे. ४०० वर आर७ मधून जेवढा गाडा चौकटीत भरतो, तेवढा आर८ मधून भरत नाही, कारण छोट्या सेन्सरमुळे चौकट १.६ पट जवळ येते. आर८ चा फोटो घरी येऊन तेवढाच कापला तर हातात राहतात जेमतेम साडेनऊ मेगापिक्सेल. शिवाय कापताना मोठ्या सेन्सरने गोळा केलेला जास्तीचा उजेडही कापला गेला. आता दोन्ही कॅमेऱ्यांनी सेन्सरचा सारखाच तुकडा वापरला, त्यामुळे दाणेदारपणातही फारसा फरक राहत नाही. दूरच्या, हाताला न लागणाऱ्या विषयासाठी फुलफ्रेमवर खर्च केलेला पैसा असा वाया जातो. बारा बाय आठ इंचांच्या प्रिंटला साडेनऊ मेगापिक्सेल पुरतात, चौकातल्या फ्लेक्सलाही पुरतात, कारण तो लांबूनच बघायचा असतो. करिझ्मा अल्बमच्या बारा बाय छत्तीसच्या पानावर एकच फोटो पसरायचा म्हटला, की मात्र ते तोकडे पडतात.

दुसरी गोष्ट शटरची, आणि इथे डब्यावरचे ठळक आकडे सगळ्यात जास्त फसवतात. आर७ सेकंदाला ३० फोटो काढतो, आर८ चाळीस. पण दोन्ही आकडे इलेक्ट्रॉनिक शटरचे. त्यात सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि आर७ चा सेन्सर हे काम सावकाश करतो. भरधाव गाडा समोरून आडवा गेला की चाक कललेलं येतं आणि बैलांचे पाय तिरपे. आर८ चा सेन्सर जास्त वेगाने वाचला जातो, त्यामुळे दोष कमी, तरी पुरता जात नाही. यांत्रिक शटरवर आर७ सेकंदाला १५ फोटो देतो आणि चाक गोल राहतं. आर८ ला पूर्ण यांत्रिक शटरच नाही. त्याचा पहिला पडदा कायम इलेक्ट्रॉनिक, आणि तशा शटरवर वेग सेकंदाला ६. बारीसाठी माझं मत ठाम आहे: आर७, यांत्रिक शटर आणि एक हजारांश सेकंद किंवा त्याहून कमी. वैशाखातल्या दुपारी उजेडाला काय तोटा!

फोकसचीही एक गंमत आहे. आर७ च्या प्राण्यांच्या यादीत कुत्रा, मांजर आणि पक्षी आहेत. आर८ मध्ये घोड्याची भर पडली. बैल कोणाच्याच यादीत नाही. त्यामुळे घाटात आर८ पुढच्या घोडीलाच धरून बसण्याचा धोका आहे. अशा वेळी प्राणी ओळखण्याची सोय बंद करून मधला छोटा चौकोन जुकाटाच्या जोडीवर ठेवणं बरं.

आता अगदी उलटा प्रसंग. जुन्नर शहराच्या पश्चिमेला तुळजा लेणी आहेत. तिथलं चैत्यगृह गोल आहे: मध्ये स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब, वर घुमट. गोल चैत्यगृह भारतात फारच दुर्मीळ. जागा आटोपशीर, उजेड फक्त समोरून, आणि पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये ट्रायपॉड लावायचा तर परवानगी काढावी लागते. म्हणजे कॅमेरा हातात धरूनच काम भागवायचं. इथे आर८ जिंकणार असं कोणीही म्हणेल. पण किटबरोबर येणाऱ्या लेन्स बघा. आर८ बरोबर मिळते २४-५०, रुंद टोकाला एफ ४.५. आर७ बरोबर मिळते १८-१५०, रुंद टोकाला एफ ३.५. मोठ्या सेन्सरने मिळवलेल्या सव्वा-दीड स्टॉपपैकी निम्मा किटच्या अंधाऱ्या लेन्सनेच गिळला. शिवाय हात हलण्याचा परिणाम सावरणारी यंत्रणा आर७ च्या बॉडीतच आहे. आर८ ला त्यासाठी लेन्सच्या भरवशावर राहावं लागतं. सुदैवाने ती २४-५० मध्ये आहे. उरतो चौकटीचा रुंदपणा. आर८ वर २४ म्हणजे खरंच २४, आर७ वर १८ म्हणजे जवळजवळ २९. खांबांच्या आत उभं राहून घुमटासकट स्तूप घ्यायचा तर हे पाच मिलिमीटर फार मोलाचे. तुळजा किंवा लेण्याद्रीची लेणी हाच ज्याचा मुख्य विषय आहे, त्याने आर८ घ्यावा, आणि किटऐवजी उजळ लेन्ससाठी पैसे राखून ठेवावेत.

हात सावरणारी यंत्रणा विषयाची हालचाल थांबवत नाही, हे शेकरूमागे गेल्यावर चांगलंच कळतं. भीमाशंकर अभयारण्यात, आहुप्याकडच्या दाट रानात शेकरू उंच फांद्यांमधून पळतो. तिथे अंतरही आहे आणि अंधारही. शटर पाचशेंशाच्या वर न्यावंच लागतं, १००-४०० ची परवडणारी लेन्स लांब टोकाला एफ ८ वर अडते आणि आयएसओ धडाधड चढतो. इथे दोन्ही बॉड्या अपुऱ्या पडतात. चौकट भरते म्हणून आर७ ला किंचित झुकतं माप देता येईल, एवढंच.

बिबट्यासाठी मात्र कोणी कॅमेरा घेऊ नये. जुन्नर वनविभागात माणूस आणि बिबट्या उसाच्या फडात रोज एकमेकांच्या वाटेत येतात. फोटोसाठी फडाजवळ थांबणं म्हणजे स्वतःबरोबर दुसऱ्याचाही जीव धोक्यात घालणं.

ज्याचं पोट लग्नाच्या कामावर चालतं, त्याच्यासाठी या तुलनेतला सगळ्यात मोठा मुद्दा सेन्सरचा नाहीच. आर७ ला दोन कार्डांची जागा आहे, आर८ ला एकाच. दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो उतरत असले तर एक कार्ड करप्ट झालं तरी काम वाचतं. मंगलाष्टकं संपून अक्षता पडल्या, की तो क्षण नवरा-नवरीला पुन्हा उभं करून मिळत नाही. माझ्या मते मोबदला घेऊन लग्नाचं काम करणाऱ्याने एका कार्डाच्या कॅमेऱ्यावर विसंबू नये. बॅटरीचंही तसंच. प्रमाणित चाचणीत, स्क्रीन वापरून, आर७ ची बॅटरी सुमारे ६६० फोटो चालते, आर८ ची सुमारे २९०. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून काढले तर दोन्ही आकडे आणखी खाली येतात. हळदीपासून पाठवणीपर्यंत आर८ चालवायचा तर खिशात तीन-चार बॅटऱ्या हव्यातच. व्हिडिओत मात्र आर८ पुढे आहे. सेकंदाला ६० चौकटींचा फोर-के तो अख्ख्या सेन्सरवरून, जास्त तपशिलाने घेतो. फक्त बॉडीत सावरण्याची सोय नसल्याने गिम्बलचा खर्च धरावा लागतो.

नारायणगावच्या फडांवर तमाशाचे फोटो काढायचे असतील तर आर८ आणि ५० एमएम एफ १.८. रंगमंचाजवळ जाता येतं, चौकट भरते, फुलफ्रेमचा पुरेपूर उपयोग होतो. तेवढं इलेक्ट्रॉनिक शटर टाळा. एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात.

नाणेघाटात पावसाळ्यात वारा पाणी खालून वर उडवतो. आर७ ची बॉडी पावसाला जास्त तोंड देणारी असली, तरी वर सांगितलेल्या स्वस्त लेन्सना तसं संरक्षण नाही, तेव्हा प्लॅस्टिकची पिशवी दोन्हींना लागणारच.

म्हणून खर्चाचा हिशेब बॉडी, लेन्स, कार्डं आणि बॅटऱ्या एकत्र धरून करावा. स्टुडिओत कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स पडून असतील, तर अडॅप्टर लावून त्या दोन्हींवर चालतात. आर७ घेणाऱ्यासाठी एक चांगली गोष्ट २०२४ मध्ये घडली: सिग्मा आणि टॅमरॉनने छोट्या सेन्सरसाठी आरएफ माउंटच्या लेन्स आणल्या. सिग्माची १८-५० एफ २.८ हळदीच्या संध्याकाळी किटच्या लेन्सपेक्षा कितीतरी उजवी.

पुण्याला दुकानात जाताना स्वतःचं कार्ड घेऊन जा. दोन्ही बॉड्यांवर मिळतीजुळती चौकट देणाऱ्या लेन्स लावायला सांगा. काउंटरखालच्या अंधाऱ्या कोपऱ्याचा आणि दारातून जाणाऱ्या दुचाकीचा फोटो दोन्हींवर, आयएसओ आणि शटर सारखं ठेवून काढा. निर्णय तिथे न घेता घरी मोठ्या स्क्रीनवर बघा, आणि अल्बमला किंवा भिंतीला लागेल त्याच आकारात बघा. बॉडी वापरलेली घेत असाल तर शटर किती वेळा उडालं आहे ते विचारा, सेन्सरवर डाग आहेत का ते आभाळाचा फोटो काढून तपासा. नवी घेत असाल तर भारतातल्या वॉरंटीचं कार्ड आणि जीएसटीचं बिल, त्यावर बॉडीचा नंबर लिहिलेला, हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.