पोटात गोळा का येतो?

छत्रपती संभाजीनगरात नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीची यात्रा भरते. दर्शन झालं की मुलांचे पाय आकाशपाळण्याकडे वळतात. वरून खाली येताना पोटात गोळा येतो, त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. १० मीटर त्रिज्येचा पाळणा १० सेकंदांत एक फेरी मारत असेल, तर सर्वांत वर आपलं वजन सुमारे ४० टक्के कमी भासतं आणि तळाशी तितकंच जास्त! खरं वजन बदलत नाही, बदलतो तो बैठकीचा आधार. पोटातले अवयव सैल टांगलेले असतात. आधार घटला की ते किंचित वर सरकतात आणि मज्जातंतू लगेच मेंदूला कळवतात. कानातल्या तोलाच्या इंद्रियालाही हे कळतं. भरल्या पोटी मळमळ वाढते. म्हणून आधी पाळणा, मग भेळ. आणि हा आनंद जरूर घ्या.