एक रुपयाची फी आणि तीन दिवसांचा दावा

नागपूरचे हरीश साळवे २०१७ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पाकिस्तानात फाशीची शिक्षा झालेल्या कुलभूषण जाधवांसाठी उभे राहिले, ते एक रुपया फी घेऊन. ही बातमी खुद्द तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी ट्विटरवर दिली. रुपया मात्र थकला! जुलै २०१९ मध्ये निकाल लागला: जाधवांना भारतीय वकिलातीची भेट द्या, शिक्षेचा फेरविचार करा. १५ विरुद्ध १. ऑगस्टमध्ये स्वराज गेल्या. गेल्या त्याच संध्याकाळी फोनवर त्यांनी साळव्यांना, उद्या येऊन तुमचा रुपया घेऊन जा, असं बजावलं होतं. सप्टेंबरमध्ये कन्या बांसुरी यांनी नाणं साळव्यांच्या हाती ठेवलं आणि हिशेब चुकता झाला.

समोर पाकिस्तानकडून होते लंडनचे बॅरिस्टर खावर कुरेशी. दाभोळ वीज प्रकल्पाच्या लवादात हेच कुरेशी भारत सरकारचे वकील होते, हे बाहेर आल्यावर आपल्याकडे केवढा गहजब! बॅरिस्टरांना मात्र त्यात काहीच वावगं दिसत नाही. इंग्लंडच्या कोर्टांपुरता एक नियमच आहे, 'कॅब-रँक रूल'. स्टँडवरच्या टॅक्सीवाल्याने गिऱ्हाईक नाकारायचं नाही, तसं बॅरिस्टरने पक्षकार नाकारायचा नाही. हेगमध्येही वळण तेच. आज ह्या देशाकडून, उद्या त्याच्याविरुद्ध.

बॅरिस्टरांची 'चेंबर्स' म्हणजे कंपनी नव्हे. जागा एक, कारकून सामाईक, पण प्रत्येकाचं दुकान स्वतंत्र. म्हणून एकाच चेंबर्सचे दोघे एकाच खटल्यात आमनेसामने उभे राहू शकतात आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. नावांवर फार विसंबू नका. आंतरराष्ट्रीय दाव्यांमधली बडी 'एसेक्स कोर्ट चेंबर्स' एसेक्स कोर्टात नाहीच, ती लिंकन्स इन फील्ड्समध्ये आहे. फिलिप सँड्स, जेम्स क्रॉफर्ड अशा दिग्गजांनी २००० साली सहकाऱ्यांबरोबर उभी केलेली 'मेट्रिक्स' ग्रेज इनमध्ये थाटली. हेच ते ग्रेज इन, जिथून डॉ. आंबेडकर १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले.

आणि जिथे सावरकर परीक्षा देऊनही बॅरिस्टर होऊ शकले नाहीत! सनद नाकारली गेली, पण पुढे त्यांच्याच नावाचा खटला हेगला चालला. जुलै १९१० मध्ये मार्सेलिसच्या बंदरात त्यांनी बोटीतून उडी मारली, फ्रेंच शिपायाने पकडून पुन्हा इंग्रजांच्या हवाली केलं. आमच्या भूमीवरचा माणूस परत द्या, असं म्हणत फ्रान्स लवादात गेला. पंच पाच, त्यांतले दोघे शांततेचे नोबेल मिळवलेले. पण एक पंच इंग्लंडचा माजी सरकारी अभियोग संचालक! २४ फेब्रुवारी १९११ ला निवाडा आला: अटकेत गफलत झाली खरी, पण इंग्लंडने कैदी परत देण्याचं कारण नाही. तोवर इकडे दोन जन्मठेपा सुनावूनही झाल्या होत्या.

पोशाखाचं म्हणाल तर हेगमध्ये वकिलांना ठरावीक गणवेश नाही, जो तो आपल्या देशातल्या कोर्टाचा झगा घालून येतो. त्यामुळे कोणाच्या डोक्यावर घोड्याच्या केसांचा विग, तर शेजारी बोडकं डोकं. २०१५ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात पत्रकारांनी बॅरिस्टर अमल क्लूनी यांना विचारलं, कोणत्या डिझायनरचे कपडे? त्यांनी नाव सांगितलं 'एड अँड रेव्हन्सक्रॉफ्ट'. म्हणजे १६८९ पासून बॅरिस्टरांचे झगे शिवणारे शिंपी! प्रश्नाची लायकी पाहता उत्तर फारच सभ्य होतं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. देशांना ती सोय अधिकृतपणे आहे: संमती नसेल तर हेगचं न्यायालय कोणालाही खेचून आणू शकत नाही. भारताने ती संमती आधीच देऊन ठेवली होती, आणि ह्याच फटीतून पोर्तुगालने कमाल केली. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाली (सुधीर फडकेही त्या लढ्यात होते). १४ डिसेंबर १९५५ ला पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघात शिरला, १९ तारखेला न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि २२ तारखेला भारतावर दावा ठोकला! दमणहून आमच्या गावांकडे जायचा रस्ता द्या, म्हणे.

भारताची बाजू मांडली मुंबईचे मोतीलाल सेटलवाड यांनी. न्यायासनावर भारतातर्फे होते मुंबई उच्च न्यायालयाचे एम. सी. छागला. आणि पुरावा? पुण्याचा! पोर्तुगालचा बराचसा डोलारा पेशव्यांशी झालेल्या १७७९ च्या तहावर. न्यायालयात सनदा उलगडल्या गेल्या, जहागीर-सरंजाम यांचा खल झाला, आणि न्यायाधीशांनी मानलं की मराठ्यांनी दिला तो गावांचा वसूल, राज्य नव्हे. पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता मुकाट्याने चालू दिली, म्हणून त्यांना थोडा आधार मिळाला. १९६० चा निकाल खास वकिली होता: नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांना रस्ता होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळ्याला नव्हता, आणि भारताने काही चूक केलेली नाही.

दिल्लीने मात्र निकालाची वाट न पाहता धडा लगेच घेतला होता. जानेवारी १९५६ मध्येच आपलं संमतिपत्र बदललं. आजच्या मजकुरात तर स्पष्ट अट आहे: ज्या देशाने न्यायालयाला मान्यता देऊन बारा महिनेही झाले नाहीत, त्याने आमच्यावर दावा आणायचा नाही.