विमान बदलताना जोखीम कोणाची?

उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस निघालेल्या मुलाचे विमानाचे तिकीट काढणे हा मध्यमवर्गीय घरात आजही एक मोठा आर्थिक निर्णय असतो आणि तो बहुधा भाड्याचा आकडा पाहूनच घेतला जातो. मुंबईहून थेट जाणाऱ्या विमानापेक्षा दोहा, दुबई किंवा लंडन येथे विमान बदलून जाणे पुष्कळदा स्वस्त पडते. अंतर वाढूनही भाडे घटावे, हे वरकरणी विपरीत वाटते. परंतु विमान कंपनी काही मैल विकत नसते. अनेक शहरांचे उतारू एका मध्यवर्ती विमानतळावर गोळा करून ती आपली आसने भरते, आणि थेट पोहोचण्याच्या सोयीचे मोल ज्याला ती हवी त्याच्याकडून निराळे वसूल करते. अमेरिकेत १९७८ साली विमान वाहतुकीवरील सरकारी नियंत्रणे उठवण्याचा कायदा झाल्यावर ही पद्धत विशेष फोफावली.

येथवर ग्राहकाचे नुकसान नाही. खरा प्रश्न दोन स्वतंत्र तिकिटांचा आहे. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असले आणि पहिल्या विमानास उशीर झाला, तर उतारूला पुढे पोहोचवण्याची व्यवस्था कंपनीला करावी लागते. तेच टप्पे वेगवेगळे विकत घेतले, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी हा उतारू केवळ गैरहजर! त्याचे भाडे सहसा बुडते आणि ऐनवेळचे महागडे तिकीट त्याला पदरमोड करून घ्यावे लागते. शिवाय सामान पुढे परस्पर जाण्याची खात्री नसते. ते उतरवून घ्यायचे तर त्या देशाच्या हद्दीत शिरावे लागते, आणि तेथील व्हिसा नसेल तर तो मुलगा मधल्या विमानतळावरच अडकून पडतो.

एक तिकीट असले म्हणजे निर्धास्त झाले, असेही नाही. न्यूयॉर्कला उतरून पुढे दुसऱ्या शहरी जाणाऱ्यास सर्वसाधारणपणे तेथेच इमिग्रेशन आणि कस्टम्स उरकून सामान पुन्हा सोपवावे लागते. कंपनीच्या हिशेबी पुरेसे ठरणारे अंतर रांगेतल्या नवख्या विद्यार्थ्यास पुरेलच असे नाही. चुकलेले विमान त्या दिवसाचे शेवटचे असेल, तर रात्र विमानतळावर काढणे आले.

तिकिटे विकणारी काही संकेतस्थळे दोन स्वतंत्र तिकिटे जोडून एकच स्वस्त आकडा दाखवतात आणि जोखीम मात्र बारीक अक्षरांत सांगतात. ही जोखीम भाड्याशेजारी, तितक्याच ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती त्यांच्यावर व्हावयास हवी.