तिथी पाहून गळ टाकावा

नागपूर-अमरावती हमरस्त्यावर वसलेल्या कारंजा (घाडगे) येथील मनुष्याला समुद्र पाहावयाचा तर साऱ्या महाराष्ट्राची रुंदी ओलांडावी लागते. आणि म्हणूनच, नदीच्या डोहात किंवा धरणाच्या काठी गरी टाकून बसण्यात ज्याचे बालपण गेले, त्याने कोकणच्या किनाऱ्यावरून मासे गरवण्याचा बेत केला, म्हणजे रजा किती, भाडे किती, मुक्काम कोठे, या हिशेबातच तो गुंतून पडतो, आणि ज्या एका गोष्टीवर साऱ्या बेताची भिस्त आहे ती तिथी त्याच्या ध्यानातच येत नाही. यात त्याचा दोष नाही. आमच्याकडील पाणी पावसाळ्यात एकदा चढते आणि पुढे आठ महिने उतरत राहते. मृग केव्हा लागतो, आर्द्रा केव्हा, एवढ्यासाठी आम्ही पंचांग उघडतो. कोकणातील मच्छीमार तेच पंचांग तिथीसाठी उघडतो, कारण त्याचे पाणी दिवसातून दोन वेळा चढते व दोन वेळा उतरते.

त्याचा तोंडी हिशेब फार सुंदर आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, आणि ती दिवसा जशी तशीच सुमारे बारा तासांनी रात्रीही. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिराने माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे सरते. पाऊण तास हा त्याचाच सोपा केलेला आकडा होय. ही पाऊणपट मुंबईच्या पाण्यास अधिक जुळते, दक्षिणेकडे जावे तसतशी भरती काहीशी आधी येते, म्हणून मुक्कामी पोहोचताच एखाद्या जाणत्या कोळ्याकडून खातरजमा करून घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य व चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येऊन पाणी फार चढते व फार उतरते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास ती दोन आकर्षणे परस्परांशी काटकोनात येऊन पाण्याची चाल मंदावते, तो भांग.

आता खरी अडचण. मासा चरावयास काठाशी येतो तो चढत्या पाण्याबरोबर, विशेषतः भरतीच्या अखेरच्या दोन तासांत. आणि तो निर्धास्त असतो तो पहाटेच्या व सांजेच्या मंद उजेडात. उधाणाच्या दिवशी पाण्याला जोर असतो, पण पूर्ण भरती ऐन दुपारी किंवा मध्यरात्री येते. अष्टमीला ती उजाडताना येते, पण पाण्यात जोर नसतो. दोन्ही लाभ एकाच दिवशी पूर्णांशाने पदरात पडत नाहीत. माझ्या मते नवख्याने दशमी धरावी: भरती साडेसातच्या सुमारास पूर्ण होते, म्हणजे तिचे अखेरचे दोन तास नेमके फटफटण्याच्या वेळी येतात, आणि भांग सरू लागून पाण्याला पुन्हा ओढ लागू पाहते. त्यातही वद्य दशमी उत्तम, कारण त्या पहाटे चंद्र आकाशात असतो आणि वाळूवरची पाऊलवाट दिसते. दुसऱ्या दिवशी एकादशी येते. ज्या घरी ती पाळली जाते त्यांना तो दिवस परतीच्या प्रवासास आपोआपच मोकळा मिळतो.

स्थळ म्हणून मी गुहागर सुचवीन. चिपळूण स्थानकापासून सुमारे 45 किलोमीटरवर, सुरूच्या झाडांमागे लपलेला हा लांबलचक वालुकामय किनारा शांत आहे. उत्तरेस अंजनवेलजवळ वाशिष्ठीची दाभोळ खाडी समुद्रास मिळते, आणि खाडीच्या मुखाशी गोड्या-खाऱ्या पाण्याच्या संगमावर तांबोशी, जिताडा, शेंगाळा असे जड मासे मिळण्याची आशा अधिक. वाळूच्या किनाऱ्यावर मुडदुशे व बोय. दक्षिणेस हेदवीची बामणघळ पाहण्यासारखी खरीच, पण कातळाच्या त्या चिरेत भरतीचे पाणी कोंडून उंच उसळते; तेथे गळ घेऊन उभे राहू नये, अशी माझी कळकळीची ताकीद आहे. शेंगाळ्याच्या पाठीवरील व कल्ल्यांमागील काटे विषारी असतात, म्हणून त्याला उघड्या हाताने धरू नये. आणि उथळ पाण्यात काटेरी शेपटीची पाकट वाळूखाली दडून असते, म्हणून पाय उचलून न टाकता घाशीत चालावे.

साहित्य थोडके पुरे: तीन तुकड्यांची काठी, रीळ, मजबूत तंगूस, शिशाची वजने, गऱ्या, आणि आमिषास तेथल्याच बाजारातील ताजी कोलंबी, जिला आपण झिंगा म्हणतो. आमच्याकडे जलाशयांतील मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो व गरी टाकण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी लागते. मोकळ्या किनाऱ्यावर तसा ठेकेदार दिसत नाही, म्हणून तेथे कोणाचाच हक्क नाही असे मात्र समजू नये. रापणीचे जाळे ओढले जात असेल तेथून दूर बसावे. ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे त्यांचा मान पाहुण्याने पहिल्याने राखावयाचा.

हंगामाचे म्हणाल तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांनाही बंदी असते आणि किनाऱ्यावरील लाटाही त्या दिवसांत जीवघेण्या असतात. नारळी पौर्णिमेनंतर दर्या हळूहळू निवळतो. पण तेव्हा आपल्याकडे कापसाची वेचणी आणि संत्र्याचा आंबिया बहार यांतून कोणास फुरसत? पौष-माघात ती मिळते.

तेव्हा वद्य सप्तमीच्या सायंकाळी वर्ध्याहून किंवा नागपुराहून मुंबईकडे जाणारी गाडी धरावी, अष्टमीला कोकण रेल्वेने चिपळूण गाठून रात्री गुहागरी मुक्काम करावा, आणि नवमीचा दिवस गळाला हात न लावता घालवावा. त्या दुपारी एकच्या सुमारास ओहोटी असते. पाणी मागे हटले की वाळूतील खळगे व प्रवाहाने कोरलेल्या चरी उघड्या पडतात, आणि उद्या मासा याच वाटांनी आत येणार असतो. एखादी खोल चर निवडून तिच्या समोरचे सुरूचे झाड नीट लक्षात ठेवावे, कारण दुसऱ्या पहाटे, चंद्राच्या उजेडात, त्याच झाडाकडे पाठ करून उभे राहावयाचे आहे.